मार्चची रेघ

खाली अलवानीत त्याला एलिझबार म्हणतात,
वर तुशेतीत नुसतंच नालबंद.
शब्द कुठला कोण जाणे,
कुठल्याशा काफिल्याबरोबर
घोड्याच्या पायांनीच आला असणार.

सप्टेंबर सरत आला की अबानोची खिंड मिटू लागते.
मेंढ्या खाली निघायच्या आत
घोडे त्याच्या अंगणात येऊन थांबतात,
जुन्या नाण्यांसारखे गुळगुळीत झालेले नाल घेऊन.
मी त्याचा भाचा. माझं काम लगाम धरणं,
माश्या हाकलणं आणि गप्प बसणं.
तिसरं अजून नीट जमत नाही.

तो आधी घोड्याकडे बघत नाही.
काढलेला नाल तळहातावर तोलतो
आणि म्हणतो, हा माणूस उतारावर घाबरतो.
किंवा, याचा गुडघा गेलाय, घरी सांगितलेलं नाही.
किंवा नुसतंच, हं.

आज मझेकाला आली, लुर्जाला घेऊन.
पावसाळी ढगाच्या पोटासारखा निळसर करडा
इमेदाचा घोडा.
इमेदा मार्चमध्ये गेला,
शिराकीच्या माळावर, हिवाळी कुरणात,
चहा उकळायला ठेवून.

एलिझबारने पाय उचलून मांड्यांत धरला,
एकेक खिळा उपटला.
नाल उजवीकडे जास्त झिजलेला.
इमेदा उजवीकडे कलून बसायचा,
बाटली त्या खिशात असते, असं गाव म्हणायचं.
एलिझबार हं एवढंही म्हणाला नाही.
नाल डब्यात टाकला. डबा वाजला.

मग रापी.
मेणासारखे, दुधी, वाकडे पापुद्रे
खाली पडायच्या आत कुत्रा उचलत होता.
मधल्या मऊ त्रिकोणाला रापी जपूनच लागते,
घोडा तिथून जमीन ऐकतो, असं मामा म्हणतो.

कानस फिरता फिरता अंगठा थांबला.
खुराच्या भिंतीवर एक आडवी रेघ,
बोटाला लागेल इतकीच.
"कधी उपाशी होता हा?"
मझेकाला डब्याकडे बघत राहिली.
"सहा दिवस. झोपडीच्या दाराशी उभा.
पाणीसुद्धा मी ओठांना लावलं तेव्हा."

केस संपतात तिथून रेघेपर्यंत
त्याने मला तीन बोटं मोजून दाखवली.
"हे सगळं त्यानंतरचं."
"आणि रेघेखालचं?"
(सांगितलं ना, तिसरं जमत नाही.)
"ते आत्ता कापतोय."

कुत्रा कुंपणाशी बसून
गेल्या वर्षीचा शरद चघळत होता.

"रेघ किती दिवस राहील?" तिने विचारलं.
"जानेवारी. या नालाला नाही, पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याला."
"नाही कापली तर?"
"लंगडेल."

नवा खिळा आत जाताना आवाज चढत जातो.
बोदा आला तर थांबायचं, मांस जवळ आहे.
आठही खिळ्यांची टोकं
रेघेच्या खाली, अगदी खेटून बाहेर आली.
एकही तिला ओलांडून गेलं नाही.
टोकं मोडली, वळवली, कानसली.

"बसणार कोण?"
"मीच. आता कोण?"
"चालून दाखव."
ती कुंपणापर्यंत गेली, परत आली,
रबरी बुटांत, थोडी लाजत.
तो तिच्या टाचांकडे बघत होता,
घोड्याकडे बघतो तसाच.
मग उरलेले तीन नाल ऐरणीवर घेऊन
पुन्हा ठोकून सपाट केले.

पैशांऐवजी मेंढीच्या कातड्यातलं चीज दिलं तिने,
अर्धा गोळा, फडक्यात बांधून.
ती चढली. पाठ ताठ, बरोबर मधोमध.
लुर्जा तरी पहिली चार-पाच पावलं
उजवीकडे झुकूनच चालला.

मी सांगायला तोंड उघडलं.
मामा दोन्ही हात कंबरेवर ठेवून
हळूहळू सरळ होत होता,
कुलूप उघडावं तसा, मणक्यामणक्याने.
"पुढचा आण," म्हणाला.